दुकानांचा उदयास्त

दुकानांसहि माणसांप्रमाणें उदय व अस्त असतात. रास्त दरांत माल मिळावा म्हणून मुंबईच्या नायगांवांतील कामगारांनीं १९४८ सालीं ‘अपना बाजार’ ही सहकारी संस्था स्थापिली. १९९९ सालीं राधाकिशन दमाणी यांनीं तिची एक शाखा आपल्या नव्या मुंबईंत, नेरुळास, चालविण्यास घेतली. ती पद्धत त्यांस पटली नाहीं. मात्र तो अनुभव पदरीं बांधून त्यांनीं २००२ सालीं पवईस ‘डी-मार्ट’ उघडलें. जागा शक्यतों स्वतःची आणि माल देणाऱ्याचे पैसे वेळेवर, हा त्यांचा परिपाठ. उलटपक्षीं, २००१ सालीं निघालेलें ‘बिग बझार’ देशभर पसरलें. परंतु कर्ज व थकलेलें भाडें यांच्या भारानें खचून २०२२ सालीं त्याचीं अनेक दुकानें रिलायन्सच्या हातीं गेलीं. विद्यार्थिमित्रांनो, दुकानाची भव्यता पाहून दिपूं नये; त्याचें देणें किती, हें आधीं विचारावें.