एका लॅपटॉपमध्ये दोन बिऱ्हाडं

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल, तर विंडोज आणि लिनक्सला स्वतंत्र ड्राइव्ह द्या. एक प्रणाली बिघडली तरी दुसरी चालू राहते. मात्र उबुंटू या लिनक्स-प्रकाराचा इन्स्टॉलर आपला बूटलोडर बऱ्याचदा विंडोजच्याच ड्राइव्हवरच्या ईएफआय विभागात टाकतो. मग तो ड्राइव्ह गेला की उबुंटूही अडतं. म्हणून उबुंटू टाकताना विंडोजचा ड्राइव्ह काढूनच ठेवावा, हे मला सर्वांत खात्रीचं वाटतं. पुढे लॅपटॉप सुरू करताना एफ१२, काहींत एफ९, दाबून हवी ती प्रणाली निवडायची.

लिनक्सनंतर विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज मात्र तीच वेळ स्थानिक समजतं. आणि विंडोजचं बिटलॉकर हे कूटबद्धीकरण चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की उबुंटू टाकण्याआधी कागदावर लिहून ठेवा.