डॉक्टरबाईंचा हात

थंडीच्या दिवसांत डॉक्टरबाई स्टेथोस्कोपची चकती आधी आपल्या मुठीत धरतात. समोर आईच्या मांडीवर पोर किरकिरत असतं, आई दूध किती प्यालं, रात्री किती खोकलं ते सांगत असते आणि बाई मूठ मिटून ऐकत असतात. पोराला अजून बोटही लावलेलं नसतं. नजर मात्र वर सरकवलेल्या झबल्याखाली, त्याच्या पोटावर असते. श्वास मोजणं चाललेलं असतं, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका धरायची. मूल रडलं की आकडा बिघडतो, म्हणून हात सगळ्यात शेवटी. तोवर चकतीही कोमट झालेली असते.

इचलकरंजीतल्या या दवाखान्यात मी आठ संध्याकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. प्रत्येक पेशंटला बाई आधी विचारायच्या, "हे बसले तर चालेल का?" कोणी मान हलवली नाही तर मी बाहेर.

या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गाव खडखडाटातच झोपतं आणि खडखडाटातच उठतं. मागावर वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातात. तो मोठ्यानं बोलतो आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकतो. बाईंनी खुर्ची अशी मांडली आहे की ट्यूबलाइटचा उजेड त्यांच्या तोंडावर पडतो. लिहिताना त्या बोलत नाहीत. पेन खाली ठेवतात, मान वर करतात, मग बोलतात. कोरोनात मास्कमुळे ओठ झाकले गेले, तेव्हा त्यांनी टेबलावर पाटी आणि खडू ठेवला होता. ती पाटी अजून तिथंच आहे.

१९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकी संशोधकांनी तपासणीतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून पाहिली. रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. मी घड्याळ लावून बसलो होतो ते या आकड्यामुळेच. बाईंपुढं बहुतेक माणसं दीड-दोन मिनिटांत स्वतःच थांबतात. तोवर बाई फक्त "हं" म्हणतात, आणि शेवटी, "आणखी?"

यंत्रमागावरचा एक कांडीवाला आला. दोन दिवस जुलाब, चेहरा उतरलेला. "मॅडम, एक सलाईन लावा की. अंगात ताकदच न्हाई." सलाईन लावणं डॉक्टरला सोपं. बाटली टांगायची आणि पुढचा पेशंट घ्यायचा. नकार द्यायलाच वेळ लागतो, आणि डॉक्टरचं वागणं खरं कळतं ते इथंच, असं मला वाटतं. बाईंनी जीभ पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, रक्तदाब घेतला. मग म्हणाल्या, "दादा, तोंडानं पाणी जातंय ना? मग सुई कशाला?" पुढं त्यांनी बनगावची गोष्ट सांगितली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर घातलेलं पाणी पाजून माणसं वाचवली. मग बाईंनी कंपाउंडरकडून एक लिटरची बाटली मागवून मीठ-साखरेची अख्खी पुडी त्यात पेशंटच्याच हातानं ओतायला लावली. चिमूटभर पेल्यात टाकून उरलेली पुडी ठेवून द्यायची, हा गावातला नेहमीचा घोळ. पहिला पेला त्यानं तिथंच घोट-घोट संपवला. सगळं मिळून सात मिनिटं गेली. बाहेर वीस माणसं बसली होती.

पोट तपासताना बाई पेशंटला गुडघे वाकवून झोपायला सांगतात, दुखरी जागा बोटानं दाखवायला लावतात आणि हात ठेवतात तो तिच्यापासून सगळ्यात लांब. पोटाकडे बघतच नाहीत, चेहऱ्याकडे बघतात. तोंड "नाही दुखत" म्हणत असताना भुवई आक्रसते.

पुढच्या पेशंटची घंटा त्या लगेच वाजवत नाहीत. आधीचा माणूस चप्पल घालून पायरी उतरला की मगच वाजवतात. एका संध्याकाळी गुडघ्याचं औषध घेऊन निघालेली बाई उंबऱ्याशी एक पाय चपलेत घालून थांबली. "मॅडम, आणि एक सांगायचं हुतं." डॉक्टरबाई उठून दारापर्यंत गेल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. छातीत गाठ होती, तीन महिन्यांपासून. मी कोणी न सांगता बाहेर गेलो.

त्या दारातून मी बाहेर पडण्याची ती पहिली वेळ नव्हती.

माझे वडील सायझिंगच्या कारखान्यात कामाला होते. खोकला जाईना म्हणून मी त्यांना पूर्वी याच बाईंकडे नेलं होतं. बाईंनी त्यांना स्टुलावर पाठमोरं बसवलं, डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकत खाली खाली आल्या. आवाज मला तीन हातांवरून ऐकू येत होता. वरती पोकळ, आणि उजव्या बरगडीच्या खाली एकदम ठक्क, भरल्या घागरीवर बोट मारावं तसा. १७६१ साली आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरानं ही रीत पुस्तकात मांडली. त्याचे वडील खानावळवाले. पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून ओळखतात, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं असं सांगतात. बाई म्हणाल्या, "अण्णा, छातीत पाणी झालंय. उद्या फोटो काढू." एक्स-रेनं दुसऱ्या दिवशी तेच दाखवलं. त्या पाण्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी संगणकाकडे बघत, वडिलांच्या डोक्यावरून, मला इंग्रजीत सांगितलं किती महिने ते. वडील मधल्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझा चेहरा वाचता येत होता. परतीच्या एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या रात्री दवाखाना बंद करून बाई घरी आल्या. खाटेशेजारी खुर्ची ओढून घेतली, वडिलांचं मनगट हातात घेतलं. "अण्णा, तुम्हाला काय काय कळलंय?" मग, "किती ऐकायचंय?" वडील म्हणाले, "समदं." बाईंनी सांगितलं. कॅन्सर हा शब्द उच्चारला आणि त्या गप्प झाल्या. शेजारच्या शेडमधले माग चालू होते. आई काहीतरी बोलायला लागली, तेव्हा बाईंनी मोकळा हात किंचित वर केला. बऱ्याच वेळानं वडिलांनी विचारलं, "दुखंल का?"

"दुखलं तर थांबवायचं काम माझं."

नंतरचे चार महिने त्या दर गुरुवारी यायच्या. मॉर्फिनच्या गोळ्या मिळवायच्या कुठून इथपासून पाठीला उशी कशी द्यायची इथपर्यंत सगळं त्यांनी लावून दिलं. निघताना आईला विचारायच्या, "वहिनी, तुम्ही जेवलात का?" आई पहिल्यांदा रडली ती या प्रश्नाला.

डिसेंबरातल्या एका पहाटे मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी वडिलांच्या सदऱ्याची दोन बटणं काढली. पिशवीतून स्टेथोस्कोप बाहेर काढला, चकती क्षणभर मुठीत धरली आणि मग छातीवर ठेवून खूप वेळ ऐकत राहिल्या. टॉर्चनं डोळे पाहिले. घड्याळ पाहिलं. नळी गुंडाळून ठेवली, काढलेली दोन्ही बटणं परत लावली, आणि आईकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, अण्णा गेले."