जुन्या गाडीचा भाग चुकीचा आला, तर?



गावात एखादी तरी जुनी गाडी असतेच. कोणाच्या अंगणात वडिलांनी घेतलेली जीप, कोणाकडे दुधाचे कॅन वाहून वाहून झिजलेली राजदूत, तर कोणाच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली प्रीमियर पद्मिनी. शहरातले हौशी लोक अशा गाड्यांना 'क्लासिक' म्हणतात, त्या पुसूनपासून रविवारी फिरवतात. आपल्याकडे तीच गाडी भाजीच्या जाळ्या बाजारात पोचवते, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेते, माहेरवाशिणीला स्टेशनवरून घरी आणते. म्हणून तिचा हाताएवढा सुटा भाग मोडला, तरी घरातली दहा कामे अडतात.

अशा वेळी भाग मागवावा, चार दिवस वाट पाहावी आणि हाती यावा तो चुकीचाच! संताप येणार नाही तर काय होईल? पण त्या संतापाच्या भरात आपण काय करतो, यावर पुढच्या दहा वर्षांत आपली गाडी चालणार की उभी राहणार, हे ठरते. आज त्याबद्दलच बोलू.

कारखाना गेला, दुकान उरले

टिटवाळ्याच्या स्टेशनवरून मुंबईकडे जाणारी लोकल पकडली, की कल्याण, ठाणे करत गाडी कुर्ल्याला पोचते. याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट ही मोटार तयार होऊ लागली आणि १९७४ च्या सुमारास तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. टिटवाळ्याच्या महागणपतीला चतुर्थीच्या दिवशी मुंबईकर तिच्यात बसून यायचे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

नवी शतकाची पहाट झाली आणि ही गाडी निघणे बंद झाले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली.

यात आपल्या कामाची गोष्ट कोणती? हजारो टॅक्सी धावत होत्या, तोवर त्यांचे सुटे भाग रोज खपत होते. टॅक्सी गेल्या आणि रोजचे गिऱ्हाईकही गेले. आता एखादा भाग दुकानाच्या फळीवर वर्ष वर्ष पडून राहतो. मोठा व्यापारी असा माल ठेवत नाही. त्याचे भांडवल अडकते. ठेवतो तो छोटा दुकानदार. दहा बाय बाराचा गाळा, छतापर्यंत पत्र्याचे डबे, मदतीला एखादा मुलगा, आणि कोणता भाग कोणत्या डब्यात आहे याचा सगळा हिशेब त्याच्या एकट्याच्या डोक्यात. जुन्या जीपची आणि जुन्या ट्रॅक्टरचीही तऱ्हा हीच आहे.

चूक होते कशी?

पहिले कारण म्हणजे एकाच नावाचे अनेक भाग. 'जीपचा पाण्याचा पंप द्या' असे आपण सांगतो. पण जीप कोणती? कित्येक जुन्या जीपचे मूळ पेट्रोल एंजिन काढून त्या जागी डिझेल एंजिन बसवलेले असते. बाहेरून गाडी तीच, आतले एंजिन वेगळे. दुकानदार गाडीच्या नावावरून पंप देतो आणि तो बसत नाही. चूक त्याची म्हणायची की आपली?

दुसरे कारण मापाचे. एंजिनचा क्रँकशाफ्ट झिजला की तो ग्राइंड करतात. मग तो बारीक होतो आणि त्याला बेअरिंग 'अंडरसाइज' लागते. मिस्त्री म्हणतात, "दहा साइज आणा, वीस साइज आणा." एका इंचाचे हजार भाग केले, तर त्यातल्या दहा भागांचे हे दहा साइज. म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. खोक्यावरचा आकडा पुसला असेल, तर जाणकार दुकानदारही फसतो.

तिसरे कारण इंच आणि मिलिमीटरचे. जीपचा मूळ नमुना अमेरिकेचा, तिथले नटबोल्ट इंचाच्या मापाचे. पद्मिनीचा नमुना इटलीचा, तो मिलिमीटरमधला. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो तेरा नंबरच्या पान्याशेजारी ठेवला तर जुळे भाऊ वाटतात. पण तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर जोराने फिरवला, की नटाच्या कडा झिजतात आणि मग छिन्नी-हातोड्याची वेळ येते. बोल्टच्या आट्यांचेही तेच. दोन आटे सहज फिरतात, तिसऱ्याला बोल्ट अडकतो.

चौथे कारण रबराचे, आणि ते सर्वांत फसवे आहे. ऑइल सील, होज पाइप, ब्रेकच्या वाट्या हे भाग न वापरताही म्हातारे होतात. पंधरा वर्षे फळीवर पडलेला सील खोक्यातून नवाकोरा निघतो. पण रबर आतून कडक झालेले असते. गाडीला लावला की महिनाभरात गळू लागतो. दुकानदाराने नवा म्हणून दिला, त्याच्या दृष्टीने तो नवाच होता.

आणि काही चुका दुकानदाराच्या नसतातच. ब्रेकच्या टाकीत ब्रेक ऑइलऐवजी कोणी एंजिनचे ऑइल ओतले, तर नव्या वाट्याही फुगून खराब होतात. मग 'भाग बोगस दिला' म्हणून दुकानदाराच्या नावाने शंख. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

दोन वाटा

असे समजा, काळू नदीच्या काठच्या एखाद्या गावात एक शेतकरी आहे. मे महिना संपत आला आहे. पाऊस येण्याआधी बियाणे, खत घरात आणायचे आहे आणि जीपच्या पंपातून पाणी गळते आहे. त्याने कल्याणच्या दुकानात फोन केला, पंप मागवला, आणि तो बसला नाही.

एक वाट अशी. तो तडक दुकानात जातो, चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला चोर म्हणतो, पंप आपटतो. दुकानदार मुकाट्याने पैसे परत करतो. शेतकरी जिंकला! पण पंप मिळालाच नाही. आणि भाताच्या लावणीच्या तोंडावर जीपची क्लचप्लेट गेली, की पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायला तोंड राहत नाही. ज्याच्याकडे तो भाग होता, ते दार आपल्याच हाताने लावून घेतलेले असते.

दुसरी वाट अशी. तो जुना पंप धुऊन पुसून पिशवीत घालतो, सोबत आलेला नवा पंप घेतो आणि दोन्ही दुकानदारासमोर ठेवतो. म्हणतो, "शेठ, भोके जुळत नाहीत. माझ्या जीपला डिझेल एंजिन आहे. बुधवारपर्यंत बरोबर पंप द्या, नाही मिळाला तर पैसे परत करा." दुकानदाराला चूक सुधारायची जागा मिळते. त्याच्याकडे नसेल, तर तो ओळखीच्या दुसऱ्या दुकानातून, कुर्ल्याच्या बाजारातून शोधून आणतो. या धंद्यातली माणसे एकमेकांना ओळखतात. आपण दहा ठिकाणी हिंडून जे मिळणार नाही, ते त्याच्या एका फोनवर मिळते. पुढच्या वेळी त्या शेतकऱ्याचा आवाज ऐकला की दुकानदाराला गाडी आठवते, एंजिनही आठवते.

दोन्ही वाटांवर पैसे बुडाले नाहीत. पण दुसऱ्या वाटेवर गाडीही चालू झाली आणि माणूसही जोडला गेला.

धीर म्हणजे गप्प बसणे नव्हे

धीर धरा म्हणजे तोंड बांधून बसा, असे कोणी समजू नये. शेतकऱ्याला धीर शिकवायची गरज नाही. बी टाकून आभाळाकडे पाहणारी आपली जात. पण रोपावर कीड दिसली की आपण स्वस्थ बसतो का? गिऱ्हाइकाचा धीरही तसाच डोळस असावा. त्यासाठी काही सवयी घराला लावून घ्या.

गाडीची एक वही करा. नोंदणी पुस्तकातला चासी नंबर आणि एंजिन नंबर त्यात लिहा. एंजिन बदललेले असेल तर कोणत्या गाडीचे बसवले, ते लिहा. एंजिन उघडले की बेअरिंग आणि पिस्टन कोणत्या साइजचे घातले, ते मिस्त्रीला विचारून त्याच दिवशी नोंदवा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना द्या. ती आवडीने करतात.

भाग आणायला जाताना जुना भाग सोबत न्या. जुना भाग हाच खरा नमुना. फोनवरून मागवायचा असेल, तर त्याच्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवा. नवा भाग आला की गाडीला लावण्याआधी जुन्याशी ताडून पाहा. ठोकून-कानशीने घासून बसवलेला भाग कोणताही दुकानदार परत घेणार नाही आणि त्यात त्याची चूकही नाही.

पावती मागा. छोटा दुकानदार कंटाळा करतो, पण मागितली की देतो. 'न बसल्यास इतक्या दिवसांत परत घेऊ' हे तिच्यावर लिहून घ्या. पावत्या सांभाळण्याचे काम घरातल्या बाईकडे सोपवा. तिच्या डब्यातला कागद हरवत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

आणि मुदत घाला. मुदतीशिवाय धरलेला धीर म्हणजे न संपणारी उधारी.

कुठे धीर धरू नये

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. ब्रेक, स्टीअरिंग आणि चाकांचे नट यांच्या बाबतीत 'चालवून पाहू, मग बघू' असे कधीही करू नका. यातला भाग जरा जरी संशयास्पद वाटला, तर गाडी उभी ठेवा आणि भाग परत करा. बैलगाडीने चार खेपा जास्त झाल्या तरी चालतील. दुकानदाराला सवलत देता येते, उताराला देता येत नाही.

दुसरे, चूक आणि लबाडी यांत फरक करा. चुकलेला माणूस भाग हातात घेऊन पाहतो, विचारतो, मार्ग काढतो. लबाड माणूस पावती नाकारतो, आवाज चढवतो, तीच गोष्ट दुसऱ्यांदा करतो. अशा माणसाशी धीराने वागण्याचे कारण नाही. ग्राहकाच्या हक्कासाठी आपल्या महाराष्ट्रात फार आधीपासून काम झाले आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी वापरणारा शेतकरीही या कायद्याने ग्राहक ठरतो. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही. मात्र तिथेही पहिला प्रश्न येतो तो पावतीचा.

आपणही विक्रेतेच

शेवटी एक गोष्ट मनाशी विचारून पाहा. आपण नुसते गिऱ्हाईक आहोत का? आपणही माल विकतो. भेंडीच्या दहा जाळ्या कल्याणच्या बाजारात पाठवल्या आणि एका जाळीत तळाला निबर भेंडी निघाली, तर व्यापाऱ्याने काय करावे असे आपल्याला वाटते? उन्हाळ्यात एक दिवस दूध नासले, तर रतीब घेणाऱ्या बाईने काय म्हणावे? 'आजचे पैसे धरू नका, उद्या चांगले आणा' एवढे ती म्हणाली, तर आपण दुसऱ्या दिवशी पहाटे कॅन दोनदा धुतो. तिने चारचौघांत 'हा पाणी घालतो' असे म्हटले, तर आपला बारा महिन्यांचा प्रामाणिकपणा एका सकाळी वाहून जातो.

पत्र्याच्या डब्यांमध्ये बसलेला तो दुकानदार आपल्याच पंगतीतला आहे. त्याचा मुलगा हा धंदा पुढे चालवील की गाळा विकून मोकळा होईल, हे त्याच्या गल्ल्यावर ठरेल. आणि तेवढेच गिऱ्हाइकांच्या वागण्यावरही ठरेल. गाळा विकला गेला तर डबे भंगारात जातील आणि त्याच्या डोक्यातला हिशेब त्याच्याबरोबर जाईल. मग आपल्या जीपचा पंप कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला चुकीचा भाग हाती आला, तर आधी जुना भाग पुसून पिशवीत घाला, पावती खिशात ठेवा, आणि मगच कल्याणची गाडी पकडा.