नव्या शहराची नाडी

ज्या गांवीं पुढील दहा-पांच वर्षें काढावयाचीं, तें गांव आधीं पाहून यावें, असें सर्वच म्हणतात. परंतु तेथें जाऊन काय पाहावें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. पाहावयास गेलेला गृहस्थ स्टेशनावर उतरतो, भाड्याचीं दोन घरें पाहतो, देवदर्शन घेतो, बाजारांतून एक चक्कर मारतो आणि घरीं परतून "शहर मोठें जिवंत आहे" किंवा "छे, अगदींच मरगळलेलें" असा निकाल देऊन टाकतो. त्या एका वाक्यावर मुलांची शाळा बदलते आणि घरांतील वृद्धांचा जन्माचा शेजार सुटतो.

आमच्या एका स्नेह्यांची कोल्हापुरास बदली होण्याचा संभव दिसूं लागला. घरांत वृद्ध मातोश्री आणि आठव्या इयत्तेंतील मुलगा. शहर पाहण्यासाठीं त्यांजबरोबर आम्हीही दोनदां गेलों. पहिल्या खेपेस आम्ही कसे फसलों, तें प्रथम सांगतों.

ती खेप नवरात्रांतील होती. महाद्वार रस्त्यावर पाऊल ठेवण्यास जागा नाहीं, रात्रीं उशिरापर्यंत दुकानें उघडीं, दिव्यांचा लखलखाट! स्नेही हर्षभरित होऊन म्हणाले, "शहर असावें तर असें." मातोश्री एका ओट्यावर टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, हीं तर सगळीं आपल्यासारखींच आलेलीं. इथलीं माणसें कुठें आहेत?"

प्रश्न बिनतोड होता. नवरात्रांत अंबाबाईच्या दर्शनास लाखों लोक येतात. आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणें खुद्द शहराची वस्ती साडेपांच लक्षांच्या आंतबाहेर. त्या गर्दीवरून देवीची कीर्ति कळते, शहराची प्रकृति कळत नाहीं. जत्रेंत भेटलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं आपल्या गांवीं गेलेला असतो. शेजारीं राहावयाचें तें दुसऱ्यांबरोबर.

म्हणून दुसरी खेप फेब्रुवारीच्या मध्यावर, सण ना उत्सव अशा बुधवार-गुरुवारीं केली. एकच रस्ता सकाळीं, दुपारीं व रात्रीं असा तीन वेळां पायीं फिरावयाचा, असें ठरविलें. दुपारीं कोणतेंही गांव थोडें पेंगतेंच. त्यावरून मत बनवूं नये. रात्र मात्र पुष्कळ सांगते. गंगावेशींत रात्रीं म्हशी आणून गिऱ्हाइकासमक्ष धार काढून दूध देतात. आम्ही तेथें उभे होतों. पेला हातांत घेऊन मंडळी अर्धा-अर्धा तास बोलत होतीं. दूध हें निमित्त. दोन-चार पैशांत, कोणाच्या आमंत्रणावांचून, बसावयास-बोलावयास जागा मिळते कीं नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. जेथें बसण्यासाठीं दर वेळीं मोठें बिल भरावें लागतें, तें शहर झगमगीत असेल, पण नवख्यास तेथें ओळख होणें कठीण.

याहून महत्त्वाची गोष्ट तालमींची. कोल्हापुरांत पेठापेठांतून तालमी आहेत. मूळ त्या कुस्तीच्या. शाहू छत्रपतींच्या काळीं मल्लविद्येस मोठा आश्रय मिळाला आणि १९१२ सालीं खासबागेचें कुस्त्यांचें मैदान बांधून झालें. परंतु आज तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौद नव्हे. गणपति ती बसविते. कित्येक तालमींत मोहरमांत पंजे बसतात आणि त्यांत हिंदु मंडळीही भाग घेतात. पूर आला कीं तरुण तेथूनच धांवतात. फुटबॉलचे संघही बहुतेक तालमींचेच. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हीं नांवें तेथील पोराटोरांच्या ओठांवर असतात, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला म्हणजे हजारों लोक जमतात. हे खेळाडू दूरदेशींचे नामांकित वीर नव्हेत, गल्लींतल्याच कोणाचे तरी भाऊ-पुतणे. शहराचें चैतन्य आम्ही यालाच म्हणूं. तें विकत आणलेलें नसतें, आणि पाहुणे निघून गेले तरी उरतें.

यांत एक धोकाही आहे. जेथें पेठेचा अभिमान इतका, तेथें बाहेरच्यास शिरकाव मिळेल काय? याचें उत्तर पुस्तकांत मिळत नाहीं. आमच्या स्नेह्यांचा मुलगा एका मोकळ्या जागेपाशीं खेळ पाहत उभा राहिला. पंधरा-वीस मिनिटें कोणी ढुंकून पाहिलें नाहीं. मग एकानें विचारलें, "काय पाव्हणं, कुणाकडं आलाय? येतोस काय खेळायला?" तो अंधार पडेपर्यंत परतला नाहीं. एका प्रसंगावरून सिद्धांत काढावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण बाहेरगांवच्या मुलांस जागा देण्याची चाल या शहरांत जुनी आहे. १९०१ पासून येथें निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें निघालीं, १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें, आणि खेड्यापाड्यांतील मुलें तेथें राहून शिकलीं.

पुतळे आणि पाट्या यांवरून मात्र फसूं नये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं याच शहरांत निघाली, आणि १९३३ सालीं पुण्यास निघून गेली. जुनें वैभव सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांस "आज सायंकाळीं काय आहे?" असें विचारावें. केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ सालचें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं तें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसरे दिवशीं केशवरावांची जयंती होती. जळक्या भिंतींपाशीं कलावंत आणि रसिक जमले, कित्येकांस अश्रु आवरेनात. ज्या गांवीं नाटकगृहासाठीं लोक रडतात, तेथें नाटक कोठें ना कोठें चालूच राहील, अशी आमची समजूत आहे.

चैतन्य पाहतां पाहतां पाण्याची चौकशी विसरूं नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली कीं इशारा देतात, ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें होतें. २०२१ सालींही मोठा पूर आला. रंकाळ्याच्या कांठीं सायंकाळीं गार वाऱ्यांत बसले असतां हें कोणास सुचत नाहीं. घर दाखविणाऱ्या गृहस्थांस आम्हीं विचारलें, तर ते घाईनें म्हणाले, "इकडे नाहीं येत पाणी." समोरच्या किराणा दुकानदारानें न विचारतांच भिंतीवर हात छातीइतक्या उंचीवर धरून दाखविला. तें घर तेथेंच राहिलें.

परतीच्या गाडींत मुलगा त्या खेळाविषयींच बोलत होता. मातोश्रींस एका वाड्यांतील दोघी समवयस्क बायकांनीं सायंकाळच्या भजनास बोलाविलें होतें. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण भजनाची वेळ मात्र त्यांनीं नीट लक्षांत ठेविली होती. घर अजून ठरलेलें नाहीं. उंचावरील दोन गल्ल्या मनांत आहेत, आणि आषाढांत पावसानें झड धरली म्हणजे त्या पुन्हां एकदां पाहून यावयाच्या आहेत.