समुद्रलिली जागची हलत नाही, हे कुणी ठरवलं?

समुद्रलिलीच्या जीवाश्माचं छायाचित्र छापलं की खाली एक वाक्य हमखास येतं : ‘हा प्राणी देठाने समुद्रतळाला चिकटून आयुष्यभर एकाच जागी राहत असे.’ इतक्या ठिकाणी हे वाचलंय की आता चीड येते. वाक्य निव्वळ खोटं असतं तरी चाललं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून जास्त त्रासदायक आहे.

खरा भाग असा की, पुराजीव महाकल्पातल्या कितीतरी जाती देठाच्या बुडाशी असलेल्या मुळांसारख्या रचनेने तळाला कायमच्या जखडलेल्या होत्या. पण सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर चित्र बदललं. आज ज्या देठवाल्या समुद्रलिली जिवंत आहेत, त्यांतल्या अनेकींच्या देठाला लवचिक आकडे असतात. त्यांनी दगड पकडायचा आणि नको झालं की सोडायचा.

सोडून पुढे काय? टोमाझ बॉमिलर आणि चार्ल्स मेसिंग या संशोधकांनी २००५ मध्ये बहामाजवळ चारशेहून अधिक मीटर खोलीवरचं चित्रीकरण लोकांसमोर आणलं. त्यात समुद्रलिली तळावर आडवी पडून बाहूंनी स्वतःला ओढत, देठ मागे फरफटवत निघालेली दिसते. वेग सेकंदाला सुमारे ४ सेंटिमीटर! त्याआधी जी सरपट नोंदली गेली होती, ती तासाला जेमतेम ६० सेंटिमीटर होती. पळायचं कारणही तिथेच आहे : समुद्री अर्चिन तिला खातो. तो जवळ आला की ती देठाचा शेवटचा तुकडा त्याच्यासाठी मागे टाकते आणि सटकते.

‘ही आजची गोष्ट झाली, जीवाश्मांचं काय?’ रास्त प्रश्न. पोलंडमधल्या मध्य ट्रायासिक काळातल्या समुद्रलिलींच्या देठांवर अर्चिनच्या दातांचे ओरखडे सापडले. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. ज्या काळात अर्चिनांची भरभराट सुरू झाली, त्याच काळात हलू शकणाऱ्या समुद्रलिलीही वाढत गेल्या. संशोधकांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला आहे आणि मला तो पटतो.

शत्रू त्याआधीही होतेच. जीवाश्म नीट पाहिला तर कधी कधी जाड बाहूंच्या रांगेत मध्येच एक बारीक बाहू दिसतो : तुटला, पुन्हा उगवला, आणि पूर्ण वाढण्याआधी प्राणी गाळात गाडला गेला. बॉमिलर आणि फॉरेस्ट गान यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’मध्ये अशा बाहूंचं प्रमाण दिलं. ऑर्डोव्हिसियन आणि सिल्युरियन काळात ते ५ टक्क्यांच्या आत होतं, डेव्होनियनपासून १० टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे समुद्रात हल्ले वाढले होते.

आणि तळाला ‘चिकटणं’ तरी सगळ्यांना कुठे लागू होतं? जर्मनीतल्या होल्त्समाडेनला साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रलिली लाकडाच्या ओंडक्याला लगडलेल्या सापडतात. ओंडका पाण्यावर तरंगे, त्या खाली लोंबत. २०२० च्या एका अभ्यासानुसार असा ओंडका दहा वर्षांहून अधिक काळ तरंगत राहू शकत असे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ती वनस्पती आहे? नाही, तारामाशाच्या नात्यातला कंटकचर्मी प्राणी आहे. तोंड, आतडं, गुदद्वार सगळं आहे. जीवाश्मांत गोगलगायी तिच्या गुदद्वारावरच ठाण मांडून बसलेल्या सापडतात, त्यांचं पोट तिच्या विष्ठेवर भरत असावं. जीवाश्मात फक्त दगड उरतो? ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रलिलींतून रंगद्रव्यांसारखे सेंद्रिय रेणू वेगळे काढले.

ती नामशेष झाली? अजिबात नाही. तिच्या वर्गातल्या सहाशेच्या आसपास जाती आज जिवंत आहेत. बहुतेकींचा देठ लहानपणीच सुटतो. लक्षद्वीप किंवा अंदमानात पाण्यात उतरलात आणि प्रवाळावर पिसांसारखे बाहू पसरलेला प्राणी दिसला, तर तो याच वर्गातला. लांबूनच पाहा, हात लावू नका. ते बाहू सहज तुटतात.