गोफणीचं बळ, लॅक्रोसची काठी

तीर्थपुरीच्या शिवारात ज्वारी दाण्यावर आली की माळ्यावरून पाखरांवर गोफण सुटते. दोरीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. गरगर फिरवून चिमटी सोडली की गोटा स्पर्शरेषेत सुटतो. दोरीमुळे हात लांबतो, आणि गरका तोच असला तरी दूरच्या टोकाचा वेग जास्त असतो.

लॅक्रोसचा खेळाडू हेच बळ वापरतो. साधारण मीटरभर काठी, टोकाला जाळीची झोळी, तीत क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका रबरी चेंडू. गोफणीला चार गरके मिळतात, काठीला जेमतेम अर्धा. म्हणून वेग पायांतून कमरेत, खांद्यात आणि शेवटी मनगटात चढवावा लागतो. वरचा हात ढकलतो, खालचा ओढतो. नामवंतांचा फटका ताशी 160 किलोमीटरच्या पुढे जातो. धावताना काठी सतत डोलवतात, त्यामुळे चेंडू झोळीत दाबून राहतो.

एवढं कसब, तरी पोटापाण्याची चिंता सुटत नाही. अमेरिकेतली प्रीमियर लॅक्रोस लीग 2019 पासून खेळवली जाते. हंगाम उन्हाळ्यापुरता, म्हणून अनेक व्यावसायिक खेळाडू नोकरीही करतात. रेल्वे आणि पोलीस खात्याने आपल्या कबड्डीपटूंना दिलेला आधार किती मोलाचा, हे इथे कळतं.

1904 आणि 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये या खेळाला पदकं होती. 2028 मध्ये लॉस एंजेलिसला तो सहा-सहा खेळाडूंच्या रूपात परततोय. तो निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात झाला, क्रिकेटच्या पुनरागमनासोबतच. मात्र हा मुळात ज्यांचा खेळ, त्या उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोशौनी आदिवासींना स्वतःच्या झेंड्याखाली उतरण्यासाठी अजून झगडावं लागतंय.