स्वादुपिंडाची घडण आणि मातेचे ताट

मधुमेह हा श्रीमंतांचा आणि बैठे काम करणाऱ्यांचा आजार आहे, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होती. आज मात्र भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात, अंगाने सडपातळ आणि आयुष्यभर कष्ट उपसलेल्या माणसांनाही हा आजार जडलेला आपण पाहतो. ‘आमच्या घरी गोडधोड सणासुदीलाच होत असे, मग आम्हाला साखर कशी?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग माणसाच्या जन्मापूर्वीच्या काळात, मातेच्या उदरात सापडतो. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु आजच्या स्थितीची मुळे भूतकाळात शोधायची, ही इतिहासाची रीत शरीरालाही लागू पडते. म्हणून हा विषय पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढे मांडावासा वाटला.

स्वादुपिंड हा जठराच्या मागे आडवा पसरलेला अवयव. त्याला दोन कामे आहेत. त्याचा बहुतांश भाग अन्न पचवणारे रस तयार करून लहान आतड्यात सोडतो. या भागात पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने त्यांचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांना ‘लँगरहॅन्सची द्वीपके’ म्हणतात. संपूर्ण स्वादुपिंडाच्या तुलनेत ती जेमतेम एक-दोन टक्के भरतात. पण त्यांतील बीटा पेशीच इन्सुलिन निर्माण करतात आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवतात. या पेशी कमी पडल्या किंवा थकल्या की मधुमेह होतो.

हा अवयव घडतो कसा? गर्भधारणेनंतर सुमारे चौथ्या आठवड्यात गर्भाचे आतडे ही एक साधी नळी असते. या नळीच्या अस्तरातील काही थोड्या पेशींना शेजारच्या ऊतींकडून रासायनिक संदेश मिळतात आणि त्यांच्यातील ‘पीडीएक्स-१’ नावाचे जनुक जागे होते. याच स्वादुपिंडाच्या जनक पेशी. जनक पेशी म्हणजे जिचे काम अजून ठरलेले नाही, पण जिच्या वंशातून ठरावीक अवयवाच्या सर्व प्रकारच्या पेशी निपजू शकतात अशी पेशी. हे एक जनुक किती निर्णायक आहे, याची प्रचिती १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतून आली. या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेले एक बालक स्वादुपिंडाविनाच जन्मले होते.

जनक पेशी वाढू लागल्या की नळीला दोन अंकुर फुटतात, एक पाठीच्या बाजूस आणि दुसरा पोटाच्या बाजूस. सहाव्या-सातव्या आठवड्यात आतडे वळते, त्यासरशी पोटाकडचा अंकुर फिरून मागे येतो आणि दोन्ही एकजीव होतात. या काळात अंकुरांना झाडासारख्या फांद्या फुटत असतात. फांद्यांच्या टोकांवरील पेशी पाचक रस तयार करणाऱ्या होतात. फांद्यांच्या खोडाकडील पेशींतून रसवाहिन्या बनतात आणि त्यांपैकी ज्या पेशींत ‘न्यूरोजेनिन-३’ हे जनुक काही काळ कार्यान्वित होते, त्या संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशी होऊन पुढे द्वीपकांत एकत्र येतात. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास गर्भात इन्सुलिन असणाऱ्या पेशी दिसू लागतात. पुष्कळ मातांनी तोवर दवाखान्यात नावही नोंदवलेले नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. २००७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात बेन स्टँगर, डग्लस मेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भातील जनक पेशींची संख्या मुद्दाम कमी करून पाहिली. यकृताने ही तूट वाढीच्या ओघात भरून काढली. स्वादुपिंडाला ते साधले नाही. आरंभी जितक्या जनक पेशी कमी, तितका अवयव लहान राहिला. याचा अर्थ असा की, या अवयवाचे भांडवल फार लवकर ठरते. गर्भार मादीला प्रथिने कमी दिल्यास पिलांमध्ये बीटा पेशी कमी भरतात, हेही उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे.

माणसावर असे प्रयोग करता येत नाहीत. परंतु इतिहासाने काही क्रूर दाखले मागे ठेवले आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या महिन्यांत जी बाळे मातेच्या पोटात होती, त्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी केली असता साखर पेलण्याची त्यांची क्षमता इतरांपेक्षा कमी आढळली. आपल्या ज्येष्ठांना १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे आणि वाटपाची सुकडी आठवत असेल. तेथे राबणाऱ्या स्त्रियांत गर्भवतीही होत्या, हे आपण विसरू नये.

महाराष्ट्रातील दाखला तर अधिक जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास आरंभला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त! अशा शरीराला पुढे भरपूर अन्न आणि कमी हालचाल लाभली की मर्यादित भांडवलाच्या स्वादुपिंडावर ताण येतो. सडपातळ कष्टकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे काही अंशी मिळते.

याच अभ्यासातून उपायही दिसले. ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. ज्यांना गरोदरपणात अतिश्रम करावे लागले, त्यांची बाळे लहान होती. म्हणजे ताटाइतकीच विश्रांतीही महत्त्वाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. गर्भातील जनक पेशींचे विज्ञान तेव्हा फारसे उलगडलेले नव्हते. तरीही ती मागणी किती दूरदृष्टीची होती, हे आज उमगते.

याचा अर्थ कमी वजनाने जन्मलेल्याच्या कपाळी मधुमेह लिहिलेला असतो, असा मुळीच नाही. बीटा पेशींची वाढ जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांतही होत असते. पुढे योग्य आहार, खेळ आणि आटोक्यातील वजन यांमुळे धोका पुष्कळ टळतो. आणि मातेला दोष देण्याचे तर काहीच कारण नाही. तिच्या ताटात काय पडते, हे बहुधा घर आणि समाज ठरवतो.

म्हणून माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना आणि पालकांना विनंती आहे. घरातील सून वा लेक सर्वांत शेवटी उरलेसुरले जेवते, ही रीत मोडावी. मुलींच्या ताटात डाळ, दूध, अंडी आणि पालेभाजी लग्नाआधीपासूनच असावी, कारण स्वादुपिंडाचा अंकुर फुटतो तेव्हा दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. गरोदरपणाची नोंद लवकर करावी आणि रक्तातील साखर अवश्य तपासावी. मातेची वाढलेली साखरही गर्भाच्या स्वादुपिंडावर भार टाकते. आपल्या वसतिगृहातील मुली उद्याच्या माता आहेत. त्यांचे आजचे जेवण ही पुढच्या पिढीच्या आरोग्यासाठी घातलेली ठेव आहे.